भिवंडीची लोकसंख्या किती? महाजालावरील माहिती आणि आपला अभ्यास

भिवंडी शहराची लोकसंख्या किती, असा प्रश्न शाळेच्या प्रकल्पासाठी एखाद्या विद्यार्थ्यासमोर आला, तर तो हाती असलेल्या मोबाइलवर प्रश्न टंकित करतो आणि क्षणार्धात उत्तर मिळवतो. एका संकेतस्थळावर त्याला ७,११,३२९ हा आकडा दिसतो. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीने ७,०९,६६५ असे लिहून आणलेले असते. दोघेही २०११च्या जनगणनेचा हवाला देतात. तिसऱ्याच्या वहीत याहून बराच मोठा आकडा असतो आणि त्यापुढे चालू वर्ष लिहिलेले असते. शिक्षकांनी आता कोणाला गुण द्यावेत?

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पहिला आकडा खोटा नाही. जनगणना झाल्यावर प्रथम ‘तात्पुरते’ आकडे जाहीर होतात, नंतर सर्व तक्त्यांची छाननी होऊन ‘अंतिम’ आकडे प्रसिद्ध होतात. ७,११,३२९ हा तात्पुरता आकडा, तर ७,०९,६६५ हा अंतिम. अंतिम आकडा प्रसिद्ध झाल्यानंतरही पहिला आकडा अनेक खासगी संकेतस्थळांवर तसाच राहिला आणि तेथून तो पुढे हजारो ठिकाणी उतरवला गेला. तिसऱ्या विद्यार्थ्याच्या आकड्याची गोष्ट निराळी आहे. २०२१मध्ये होणारी जनगणना कोविडच्या साथीमुळे ठरल्या वर्षी झालीच नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भ तिथी ठरवून नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५मध्ये निघाली. म्हणजे २०२१, २०२३ किंवा २०२५ अशी वर्षे घालून महाजालावर दिसणारे भिवंडीच्या लोकसंख्येचे आकडे मोजलेले नसून अंदाजाने काढलेले आहेत. अंदाज बांधण्यात गैर काही नाही. लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासकही ते बांधतात. परंतु तो अंदाज आहे असे न सांगता, कोणत्या रीतीने बांधला हेही न सांगता, तो मोजणीच्या वेषात पुढे येतो, तेव्हा वाचकाची दिशाभूल होते.

एवढ्या साध्या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानी यावी. अभ्यासासाठी आणि अध्यापनासाठी महाजालावरील माहिती तपासताना ‘हे खरे की खोटे’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. हे कोणी मोजले किंवा कोणी लिहिले, केव्हा, आणि कोणत्या भूभागाविषयी, हे तीन प्रश्न त्याआधी विचारावे लागतात. या तिन्हींचे उत्तर जे पान देते ते वापरण्याजोगे. जे एकाचेही देत नाही ते कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे.

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे भूभागाकडे, आपले सर्वांत कमी लक्ष असते. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ असून तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा आहे, हे वाक्य आजही स्पर्धा परीक्षांच्या कित्येक टिपणांत आढळते. २०११च्या जनगणनेत हे अक्षरशः खरे होते. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके तिकडे गेले. २०११च्याच मोजणीनुसार पालघरच्या वाट्याला २९,९०,११६ आणि उरलेल्या ठाण्याच्या वाट्याला ८०,७०,०३२ लोक येतात. आकडा बरोबर, वर्ष बरोबर, पण ज्या जिल्ह्याविषयी तो सांगितला तो जिल्हाच आता त्या आकाराचा राहिलेला नाही. अशी चूक शोधून काढणे फार अवघड, कारण ती असत्याच्या रूपाने येत नाही. भिवंडी तालुका ठाण्यातच राहिला. तरीही वाडा आणि भिवंडी यांची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर त्याचे सगळे तक्ते चुकतील.

यंत्रमागांची गोष्ट याहूनही गुंतागुंतीची आहे. भिवंडीत यंत्रमाग किती, या प्रश्नाला महाजालावर कोठे चार लाख, कोठे सहा लाख, तर कोठे त्याहूनही अधिक असे उत्तर मिळते. बहुतेक ठिकाणी त्याला आधार दिलेला नसतो. येथे एकच आकडा हुडकून काढण्याचा हट्ट विद्यार्थ्याने धरू नये असे मला वाटते. त्याने प्रश्नच फोडून विचारावा. ही मोजणी महानगरपालिकेच्या हद्दीतील आहे, की सभोवतालच्या गावांतील कारखानेही तीत धरले आहेत? बंद पडलेले माग मोजले आहेत का? मंदीच्या वर्षांत माग भंगारात निघतात आणि बरे दिवस आले की नवे बसतात, तेव्हा मोजणीचे वर्ष कोणते? वस्त्रोद्योग आयुक्तालयाने नोंदवलेला आकडा आणि एखाद्या वृत्तपत्राच्या बातमीत कारखानदारांच्या संघटनेने सांगितलेला आकडा एकच असण्याचे कारण नाही. दोघांचे हेतू निराळे असतात. असे चार आकडे चार आधारांसह एका पानावर मांडणारा विद्यार्थी एकच आकडा ठामपणे लिहिणाऱ्यापेक्षा अधिक शिकलेला असतो. गुणदानाच्या तक्त्यात त्याला जागा नसेल तर ती शिक्षकांनी करावी.

आता इतिहासाकडे वळू. भिवंडीजवळचे लोणाड हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील लेणे, जुने शिवमंदिर आणि शेजारच्या चौधरपाड्याचा शिलालेख यांमुळे हा परिसर उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. चौधरपाड्याचा लेख राजा केशिदेव याच्या काळातील असून त्यावर शके ११६१, माघ महिना असा काळ आहे. महाजालावर या लेखाचे इसवी सनातील वर्ष शोधल्यास कोठे १२३९ दिसते, कोठे १२४०. विद्यार्थी गोंधळतो, आणि ज्या संकेतस्थळाची मांडणी अधिक सुबक त्याचे उत्तर उचलतो. वस्तुतः हा गुंता कागदावर दोन मिनिटांत सुटणारा आहे. शक वर्ष चैत्रात सुरू होते. चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या तिथींसाठी शकात ७८ मिळवावे लागतात, आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथींसाठी ७९. माघ हा वर्षाच्या शेवटच्या टप्प्यातील महिना, म्हणून ११६१ अधिक ७९, म्हणजे १२४०. ज्याने केवळ ७८ मिळवले त्याने महिना वाचलाच नाही.

हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण माहितीची पारख करण्यासाठी दर वेळी संगणकाचेच ज्ञान लागते असे नाही. पुष्कळदा विषयाचे साधे, शाळेत शिकलेले ज्ञान पुरते. आणि जेथे ते पुरत नाही तेथे मूळ संपादित ग्रंथाकडे जावे. शिलाहारांचे कोरीव लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केले असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते १९७७मध्ये कोरीव लेखांच्या मालेतील सहावा खंड म्हणून प्रसिद्ध केले. मिराशींनी मराठीतही शिलाहारांच्या इतिहासावर आणि लेखांवर ग्रंथ लिहिला आहे. शोधयंत्राच्या पहिल्या पानावर हा ग्रंथ येणार नाही. तेथे येतील ती सहलीची वर्णने. ती वाचावीत, जाण्याची वाट त्यांत चांगली सांगितलेली असते. मात्र राजांची नावे आणि सनावळी त्यांतून घेऊ नयेत.

विद्वानांतच मतभेद असेल तर काय करावे? मराठीतील आद्य शिलालेख कोणता, हा प्रश्न पाहा. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख, असे उत्तर आपल्या पिढीने पाठ केले. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, म्हणून लेखालाही इसवी सन ९८३ हे वर्ष चिकटले. परंतु त्या लेखाची दुसरी ओळ गंगराजाविषयी आहे आणि गंगराज बाराव्या शतकातला, तेव्हा निदान ती ओळ तरी इतकी जुनी असू शकत नाही. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला. तो काळ काही अभ्यासकांना मान्य नाही. ते हाच लेख सुमारे दोनशे वर्षे अलीकडचा मानतात. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलच्या लेखावर शके ९४०, म्हणजे १०१८, हा काळ आहे. तेव्हा ‘आद्य शिलालेख कोणता’ याचे एका ओळीतील उत्तर देणारी पाने संख्येने शेकडो असली तरी त्यांची किंमत एका पानाइतकीच, कारण बहुतेकांनी एकमेकांची नक्कल केलेली असते. ज्या पानावर वाद सांगितला आहे, कोणाचे मत कोणते हे नावानिशी दिले आहे, ते पान त्यांच्यापेक्षा अधिक विश्वसनीय होय. वरकरणी हे उलटे वाटेल. ठाम बोलणारा खरा आणि ‘मतभेद आहे’ म्हणणारा कच्चा, अशी आपल्या वर्गखोल्यांतील समजूत आहे. ती परीक्षापद्धतीने वाढवली आहे, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

मराठीतून शोध घेणाऱ्यासाठी विश्वासार्ह ठिकाणे आहेत कोणती? ती आपल्याला वाटतात त्याहून पुष्कळ आहेत, पण ती स्वतःहून समोर येत नाहीत.

सर्वप्रथम मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे हे कार्य उभे राहिले, पहिला खंड १९७६मध्ये निघाला आणि आज सर्व वीस खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, बहुतेक ठिकाणी संदर्भग्रंथही असतात. मात्र सत्तर-ऐंशीच्या दशकातील खंडांत विज्ञान, अर्थकारण किंवा देशांच्या सीमा यांविषयी लिहिलेले तेव्हाचे आहे, हे विसरू नये. ही उणीव भरून काढण्यासाठी विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे नेमून नव्या नोंदी महाजालावर देण्यास आरंभ केला. जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी ठेवून वाचणे हाच एक उत्तम पाठ होऊ शकतो. त्याहून मागे जायचे असेल तर डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश आहे. १९२०च्या दशकात तेवीस खंडांत पूर्ण झालेला हा ग्रंथ यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने महाजालावर आणला. तो आजच्या माहितीसाठी वाचू नये. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एक जाणता मनुष्य जगाकडे कसा पाहत होता, हे समजून घेण्यासाठी वाचावा.

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संग्रहासारखी सोय दुसरी नाही. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे सारे तेथे शब्द टंकित करून पाहता येतात. शास्त्रीय परिभाषेसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश महाजालावर आहेत.

भिवंडीच्या शिक्षकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. आपले शहर बहुभाषिक आहे. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी मुले एकाच गल्लीत खेळतात आणि निरनिराळ्या माध्यमांच्या शाळांत जातात. बालभारतीची पाठ्यपुस्तके या सर्व भाषांत निघतात आणि संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकातील धडा आणि उर्दू माध्यमातील तोच धडा शेजारी उघडले, तर एकाच संकल्पनेचे दोन्ही भाषांतील प्रमाण शब्द आपोआप मिळतात. यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे. पुस्तक उतरवताना आवृत्तीचे वर्ष तेवढे पाहावे. अभ्यासक्रमातून गेलेली जुनी पुस्तकेही शोधात वर येतात.

गावाच्या इतिहासासाठी १८८२ साली निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर आजही पहिला दरवाजा आहे. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने जुने खंड महाजालावर ठेवले आहेत. ते वाचताना दोन गोष्टींची जाण हवी. पहिली अशी की, ते परकीय सत्तेच्या अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहून घेतलेले आहे. बंदर, जकात, पिके, वस्तीचे आकडे यांबाबत ते तपशीलवार असले तरी जातीजमातींच्या स्वभावाविषयी त्यात जे लिहिले आहे ते आज वर्गात वाचून दाखवण्याच्या लायकीचे नाही. दुसरी गोष्ट केवळ व्यवहाराची आहे. त्यात भिवंडीची इंग्रजी अक्षररचना आजच्यासारखी नाही. मधला ‘ए’ गाळलेला आहे. वसई तेथे ‘बसीन’ आहे. आजच्या रूपाने शोध घेतला तर यंत्र ‘काही सापडले नाही’ म्हणते, आणि आपण समजतो की माहितीच नाही.

हा अनुभव मराठीत वरचेवर येतो, म्हणून त्याचे कारण सांगितले पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांत साठवला जाई. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. कित्येक ग्रंथ तर पानांची छायाचित्रे म्हणूनच महाजालावर आहेत. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या ग्रंथांत आज लोप पावलेले अनुस्वार आहेत. ‘करणे’ शोधणाऱ्याला ‘करणें’ सापडेलच असे नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बदलून, जुना अनुस्वार देऊन, इंग्रजीतील जुने रूप घेऊन, असा चार प्रकारे शोध घ्यावा. पहिल्याच प्रयत्नात जे मिळते ते बहुधा सर्वांत नवे आणि सर्वांत उथळ असते.

विकिपीडियाविषयी शिक्षकांत दोन टोके दिसतात. काही जण तिचे नावही घेऊ देत नाहीत, तर काहींचे सारे अध्यापन तिच्यावरच चालते. इंग्रजी विकिपीडिया २००१मध्ये आणि मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाली. २००५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, तेव्हा विकिपीडियाच्या एका नोंदीत सरासरी चार, तर ब्रिटानिका विश्वकोशाच्या नोंदीत सरासरी तीन चुका आढळल्या. त्याच वर्षी एका अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रनोंदीत कोणीतरी घातलेला धादांत खोटा मजकूर काही महिने तसाच राहिल्याचेही उघड झाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ज्या नोंदीवर अनेकांची नजर असते ती बहुधा सुधारत जाते आणि जिच्याकडे कोणी फिरकत नाही तिच्यात काहीही राहू शकते. मराठीतील गावांच्या आणि तालुक्यांच्या नोंदी या दुसऱ्या प्रकारात मोडतात, कारण लिहिणारे मोजके आहेत. म्हणून नोंदीच्या तळाशी दिलेले संदर्भ आधी पाहावेत, आणि वर दिसणारा ‘इतिहास’ हा दुवा उघडून कोणी केव्हा काय बदलले ते पाहावे. संदर्भ नसेल तर ती नोंद म्हणजे ऐकीव गोष्ट, एवढाच तिचा दर्जा.

याच संदर्भात आपल्या शहराच्या एका वेदनादायक पर्वाचा उल्लेख टाळता येत नाही. मे १९७०मध्ये आणि पुन्हा मे १९८४मध्ये भिवंडीत भीषण दंगली झाल्या. भिवंडीचे नाव महाजालावर शोधले की त्यांविषयीचा मजकूर लगेच वर येतो, आणि त्यातील बराचसा निनावी असतो. कोणी सुरुवात केली, किती मेले, पोलिसांनी काय केले, याविषयी प्रत्येकाचे सांगणे वेगळे; आणि ते सांगणे कोणत्या बाजूचे हे दोन ओळींतच कळते. आपल्या शहरातील तेरा-चौदा वर्षांचे मूल आजोबांच्या काळाविषयी हेच वाचते, आणि शेजारच्या मोहल्ल्यातील मूल त्याच्या उलट काही वाचते. १९७०च्या भिवंडी, जळगाव आणि महाड येथील घटनांची चौकशी करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला होता आणि त्याचा अनेक खंडांचा अहवाल उपलब्ध आहे. आयोगासमोर निरनिराळ्या पक्षांनी साक्षी दिल्या, त्यांच्या उलटतपासण्या झाल्या, आणि निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर काढला हे अहवालात लिहिलेले आहे. एखाद्याला निष्कर्ष पटणार नाहीत. तरीही कशाशी असहमत व्हायचे हे तेथे डोळ्यांपुढे असते. फिरत आलेल्या संदेशात तेही नसते. महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांनी या अहवालातील एखादे प्रकरण विद्यार्थ्यांबरोबर वाचावे. शाळेत हा विषय काढावा की नाही, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचे. परंतु काढलाच तर निनावी मजकुरावरून काढू नये, एवढा आग्रह मी अवश्य धरीन.

गेल्या काही वर्षांत यात एक नवी भर पडली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशी अनेक साधने आली. आता शोधयंत्रेही दुव्यांच्या आधी स्वतःच जुळवलेले उत्तर दाखवतात. ही साधने भाषा सफाईने जुळवतात, पण वाक्य जुळणे आणि विधान खरे असणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे २०२३मध्ये दोन वकिलांनी अशा साधनाकडून मिळालेले न्यायनिवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. ज्या विषयावर महाजालावर विपुल लेखन आहे तेथे अशी साधने बऱ्यापैकी उत्तर देतात. चौधरपाड्याच्या शिलालेखासारख्या विषयावर, आणि तेही मराठीत, मूळ मजकूरच विरळ असल्याने कल्पनेने पोकळी भरली जाण्याचा धोका अधिक. कठीण परिच्छेद सोपा करून घेणे, प्रश्न कसा विचारावा हे सुचवून घेणे यांसाठी विद्यार्थ्याने त्यांचा उपयोग करावा. ग्रंथाचे नाव, सन, पृष्ठक्रमांक मात्र त्यांच्याकडून घेतले तर तो ग्रंथ खरोखर उघडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नयेत.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. भारतीय विद्यापीठांत सादर झालेले प्रबंध तेथे पूर्ण वाचता येतात; ‘भिवंडी’ आणि ‘पॉवरलूम’ हे शब्द इंग्रजीत देऊन शोधावे. प्रबंधातील निष्कर्षाच्या आधी पद्धतीचे प्रकरण वाचावे. पन्नास कामगारांना विचारून लिहिलेला प्रबंध पन्नास कामगारांविषयी असतो, साऱ्या शहराविषयी नव्हे. संशोधनपत्रिकांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी, कारण पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका आपल्याकडे बोकाळल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ ही मान्य पत्रिकांची यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. ‘आयोगमान्य’ असा शिक्का मिरवणाऱ्या पत्रिकेचा तो दावा आता जुना समजावा आणि पत्रिकेची पारख संस्थेने स्वतः करावी.

राहिला शिक्षकांच्या रोजच्या डोकेदुखीचा विषय, म्हणजे गटांतून फिरणारे शासन निर्णय आणि वेळापत्रके. खऱ्या शासन निर्णयावर एक लांबलचक संगणक संकेतांक असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शासन निर्णयांच्या विभागात टाकावा; निर्णय तेथे नसेल तर मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. दहावी-बारावीच्या परीक्षांबाबत राज्य मंडळ वारंवार सांगते की, शाळांना दिलेले छापील वेळापत्रकच अंतिम. संकेतस्थळाच्या पत्त्याची शेपटीही पाहावी. ‘जीओव्ही डॉट इन’ ही शासकीय कार्यालयांनाच मिळते आणि ‘एसी डॉट इन’ शैक्षणिक संस्थांना. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’, ‘डॉट ओआरजी’ ही मात्र पैसे भरून कोणीही घेऊ शकतो. नावात ‘जनगणना’ किंवा ‘बोर्ड’ असल्याने संकेतस्थळ सरकारी होत नाही.

प्रकल्पाच्या वहीत ‘गूगल’ असा संदर्भ लिहिण्याची पद्धत शिक्षकांनी या वर्षापासून बंद करावी. गूगल हा वाट दाखवणारा, माहिती देणारा नव्हे. लेखकाचे किंवा संस्थेचे नाव, पानाचे शीर्षक, ते कोणत्या साली लिहिले गेले, आणि विद्यार्थ्याने ते कोणत्या दिवशी पाहिले, एवढे चार तपशील लिहून घ्यावेत. पाहिल्याची तारीख आवश्यक, कारण संकेतस्थळे हलतात, शासकीय पत्ते तर बदलतातच. पान नाहीसे झाले असल्यास ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संग्रहात त्याचा जुना पत्ता घालून पाहावे. अनेकदा त्याची जुनी प्रत तेथे जपलेली आढळते. आणि महानगरपालिकेकडे असलेली परंतु महाजालावर नसलेली माहिती हवी असेल, तर २००५च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपयांच्या शुल्कासह साधा अर्ज करता येतो. उत्तर देण्यास तीस दिवसांची मुदत असते. प्रकल्पाची तारीख त्या हिशेबाने द्यावी.